जावळीच्या खोऱ्यात आपलं स्वागत



मेढेकरांच्या वतीनं आपल्या सगळ्यांचं मनापासून स्वागत.

किशोरवयीन मुलांच्या भयकादंबऱ्यांवरचं संमेलन मेढ्यात कशाला, असं वर्गणी मागायला गेलो तेव्हा अनेकांनी विचारलं. मी म्हटलं, मग कुठं घ्यायचं? ही जावळी आहे. शिवछत्रपतींनी १६५६ साली चंद्रराव मोऱ्यांकडून ही जावळी घेतली, ती या रानाचं मोल ओळखून. १६५९ च्या नोव्हेंबरात अफजलखानाला याच खोऱ्यात, प्रतापगडाच्या पायथ्याशी यावं लागलं. भय काय असतं आणि ते कुणाच्या बाजूनं उभं करायचं असतं, हे महाराजांना ठाऊक होतं आणि आमच्या झाडाझुडपांनाही.

प्रतापगड सगळ्यांना माहीत आहे. वासोटा किल्ल्याविषयी मात्र मला थोडं सविस्तर बोलू द्या, कारण तिथली ताई तेलीण आपण विसरलो आहोत. पेशवाईच्या अखेरच्या काळात दुसऱ्या बाजीरावानं पंतप्रतिनिधींना मसूरला कैदेत ठेवलं. ताईनं माणसं जमवली, प्रतिनिधींना सोडवलं. पुढे बापू गोखल्यांनी प्रतिनिधींचा मोड केला, पण ताईनं शस्त्र खाली ठेवलं नाही. ती वासोट्यावर ठाण मांडून महिनोन्‌महिने लढली आणि धान्याच्या कोठाराला आग लागली तेव्हाच तिचा नाइलाज झाला. घनदाट रान, बाबूकड्याची ती छाती दडपून टाकणारी खोली, खाली वेढा आणि वर एक एकटी बाई. मराठी किशोर कादंबरीला यापेक्षा काय हवं? तालुक्याच्या ठिकाणी तिच्या नावाची साधी पाटीसुद्धा नाही. संमेलनाच्या निमित्तानं ती लागावी, अशी विनंती मी नगरपंचायतीला जाहीरपणे करतो.

तसंच कोयनेच्या पाण्याचं. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरला तेव्हा आमच्या तालुक्यातली गावंच्या गावं पाण्याखाली गेली. पुढे कण्हेर धरणात वेण्णाकाठच्या जमिनी गेल्या. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या घरांची जोती उघडी पडतात आणि म्हातारी माणसं बोटानं दाखवतात, इथं आपली ओसरी होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप तर आमच्या आज्या-आयांनी अंगणात उभं राहून काढला. पाण्याखालच्या गावाची गोष्ट आमच्यातल्या एखाद्या मुलीनं लिहावी, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

आता संमेलनाच्या विषयाकडे येतो. मी काही समीक्षक नाही, पण आमच्या वाचनालयाचा जुना कार्यकर्ता आहे. तिथं नारायण धारपांचं एक पुस्तक आहे. जाड खाकी कागदाचं कव्हर, कोपरे मऊ पडलेले, पुठ्ठा दोऱ्यानं पुन्हा शिवलेला. आतल्या कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, ‘रात्री वाचू नये.’ त्याखाली दुसरं अक्षर, ‘वाचले. काही झाले नाही.’ त्याखाली तिसरं, ‘मलापण नाही.’ पुस्तकावर लिहू नये अशी सूचना आम्ही भिंतीवर लावली आहे, तरी ते पान मी कधी खोडू दिलं नाही. मुलं भयकथा का वाचतात, त्याचं उत्तर मला तिथं दिसतं. एकानं घाबरून पाहायचं, निभावून जायचं आणि मागून येणाऱ्याला तसं सांगायचं.

तेरा-चौदाव्या वर्षी पोराला घरात कुणी लहान समजत नाही आणि मोठंही मानत नाही. त्याला जे दिसतं, जाणवतं, ते सांगितलं तर मोठी माणसं म्हणतात, गप झोप. भयकादंबरीत नेमकं हेच घडतं. वाड्यात काहीतरी आहे हे पोरांना कळलेलं असतं, मोठ्यांना पटत नाही, मग पोरांनाच कंबर कसावी लागते. धारपांनी स्टीफन किंगच्या कादंबऱ्यांवरून ‘लुचाई’ आणि ‘शपथ’ लिहिल्या, तेव्हा परदेशातलं भय त्यांनी आपल्या गावांत आणि वाड्यांत असं मुरवलं की ते परकं वाटलंच नाही. त्यांचा नायक ‘समर्थ’ तर कितीतरी मुलांना रात्री धीर देऊन गेला. रत्नाकर मतकरींनी एका हातानं ‘अलबत्या गलबत्या’ हे बालनाट्य लिहिलं आणि दुसऱ्या हातानं गूढकथा. बालप्रेक्षकाला वाढतं वय येतं तेव्हा त्याला पुढं काय लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल? अमेरिकेत आर. एल. स्टाइनची ‘गूजबम्प्स’ १९९२ पासून मुलं हातोहात नेतात. आपल्याकडं मुंज्या, हडळ, खवीस, चकवा ही सगळी मंडळी असताना आजच्या मुलांसाठी मराठीत नवी पुस्तकं इतकी कमी का, यावर इथं दोन दिवस मोकळेपणानं बोलावं. भीतीनं मुलं बिघडतात असं म्हणणाऱ्यांना मी नम्रपणे एवढंच सांगेन, की दहशतवादी कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवणारे हुतात्मा तुकाराम ओंबळे इथल्याच केडंब्याचे. त्यांच्या आठवणीनं आमच्या पोरांची छाती आजही भरून येते. भयाकडे पाठ न फिरवणं ही या मातीची शिकवण आहे.

आता मन मोठं करून आपण आम्हाला सांभाळून घ्यावं. मेढ्यात मोठी हॉटेलं नाहीत. काहींची सोय शाळेच्या वर्गांत आहे, काहींची घरोघरी. गाद्या कमी पडल्या, सोलापुरी चादरी जास्त आहेत. पहाटे थंडी बोचेल, कृपया दोन घ्याव्यात. गरम पाण्याला वेळ लागेल. वीज गेली तर जनरेटर आहे, तो सुरू होईपर्यंत जागेवरून हलू नये. मोबाइलला रेंज एसटी स्टँडच्या बाजूला बरी मिळते. काल पत्रिकेत दोन मान्यवरांची नावं राहून गेली, त्यांची मी हात जोडून क्षमा मागतो.

आभार किती मानावेत? मुंबई-नवी मुंबईतल्या आमच्या माथाडी बांधवांनी दिवसाच्या हमालीतून पैसे काढून पाठवले, त्यांचं ऋण फिटणारं नाही. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनी तांदूळ आणि डाळ दिली, मंडपवाल्यानं भाडं घेतलं नाही, बचत गटाच्या भगिनी पहाटे चारपासून नाचणीच्या भाकऱ्या थापताहेत. शिक्षकांनी सुट्टी सोडली. आगारानं जादा गाड्या दिल्या. मुलांनी स्वतः रंगवलेले फलक आपण वेशीवर पाहिलेच असतील.

उद्या सकाळी सहाला वासोट्याच्या सहलीची गाडी शाळेच्या फाटकातून बामणोलीला सुटेल. तिथून लाँच आहे. वन विभागाच्या नियमाप्रमाणे अंधार पडायच्या आत परतायचं आहे, म्हणून नावं आज रात्रीच नोंदवावीत. उद्घाटनानंतर लगेच पंगत बसेल; आमटी-भात गरम आहे, पाहुण्यांनी आधी बसावं.