माशीचा गळ

कोकणच्या खाडीकाठी गळ टाकणाऱ्या माणसाला फेक मुद्दाम शिकवावी लागत नाही. दोरीच्या टोकाशी शिशाचे वजन असते. हात फिरला की वजन पुढे धावते आणि बारीक दोरी त्याच्यामागून ओढली जाते. परंतु त्याच गळाला कोळंबीऐवजी पिसांची आणि धाग्याची एक लटकी माशी बांधली, की सगळा हिशेब उलटतो. माशीला वजन नाही. ती फेकताच येत नाही. येथे फेकावयाची असते ती दोरी, आणि माशी केवळ तिच्यासोबत जाते. या विद्येचे सारे तंत्र आणि तिच्या सामानाचा सारा खर्च या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

मद्रासशी, म्हणजे आजच्या चेन्नईशी, या छंदाचे नाते जुने आहे. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रान्सिस डे यांनी त्याआधीच निलगिरीत ट्राउट मासा आणण्याची खटपट केली होती. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी एच. सी. विल्सन यांच्या प्रयत्नांनी तो तेथे स्थिरावला. म्हणून हा थंड डोंगरांतला, श्रीमंतांचा खेळ असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु टॉमस यांनीच १८८७ साली तलावांतील गळावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. चेन्नईच्या दक्षिणेस मुट्टुकाडूची खाडी आहे, उत्तरेस पुलिकतचे मचूळ सरोवर आहे. या किनाऱ्यावरचा जिताडा, ज्याला तमिळ लोक कोडुवा म्हणतात, लहान मासे आणि कोळंबी खातो. पांढऱ्या पिसांची माशी पाण्यातून हिसके देत ओढली, तर ती त्याला मासोळीच भासते.

समजा, नोकरीनिमित्त चेन्नईस गेलेल्या एका मराठी तरुणाला हा नाद लागला. पहिल्या पगारात तो महागडी काठी घेतो, दोरी मात्र हाताला येईल ती. आणि महिन्याभरात दोरीचा गुंता कंटाळून माळ्यावर टाकतो. चूक त्याच्या हाताची नसते, खरेदीच्या क्रमाची असते. माशीच्या दोरीला क्रमांक असतो. अमेरिकेत १९६१ साली ठरलेल्या मापानुसार तो पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून देतात : पाच क्रमांकाची दोरी सुमारे ९ ग्रॅम, आठ क्रमांकाची सुमारे साडेतेरा. काठीवरही तोच क्रमांक छापलेला हवा. तलावासाठी पाच, खाडीच्या वाऱ्यासाठी आठ. पैसा आधी दोरीवर खर्चावा. काठी ९ फुटांची, साधी असली तरी चालते. काचतंतूची मिळाली तर ती स्वस्त, चिवट आणि सावकाश वाकणारी असल्याने नवशिक्याला सोयीचीच. तलावातील लहान माशांपुरते रीळ हे दोरी गुंडाळण्याचे साधन आहे. माशी तर कोंबड्याच्या पिसांची, घरीही बांधता येते.

शिकण्यास प्रारंभी पाणीही लागत नाही. मोकळे गवत पुरे. गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधावा. अंगठा काठीच्या वरच्या अंगास ठेवावा आणि मनगट सैल सोडू नये. घड्याळाची तबकडी बाजूस आहे अशी कल्पना करून काठी हळूहळू वेग वाढवीत मागे न्यावी आणि एकच्या काट्यावर एकाएकी थांबवावी. आता हात स्तब्ध. मागे उडालेली दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावे. सरळ झालेली दोरीच काठीला धनुष्यासारखी वाकविते. मग त्याच रीतीने पुढे आणून दहाच्या काट्यावर थांबावे. दोरी उलगडत जाते आणि माशी अलगद उतरते. आसुडासारखा फटकारा ऐकू आला, तर हात घाईने पुढे आला असे समजावे. अशा फटकाऱ्याने माशी तुटून जाते.

चेन्नईत समुद्राचा वारा बहुधा दिवस चढल्यावर सुटतो. म्हणून सराव भल्या पहाटे करावा. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी हवीच, कारण पुढे खरा गळ कानाजवळून जाणार असतो. पाण्याशी जाण्यापूर्वी तेथे मासे धरण्यास परवानगी आहे की नाही हे विचारावे, आणि खाडीवरून परतल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुवावे.

पुढे जाण्याची ओढ सर्वांनाच असते. हात अडतो तो पाठीमागच्या त्या क्षणभर थांबण्यात. ते थांबणे बाजारात विकत मिळत नाही, आणि त्याला दामही पडत नाही. आपल्या त्या तरुणाने माळ्यावरची काठी उतरवावी, तिला जुळणारी दोरी लावावी आणि एक सकाळ गवतावर घालवावी.