एमआयडीसीपासून बांधापर्यंत

अन्नधान्य पिकवणाऱ्या छोट्या शेतकऱ्याचा उतारा बियाणे, खत आणि पाऊस यांवर ठरतो, हे खरे. पण तेवढेच खरे नाही. बियाणे तेच, काळी जमीन तीच आणि पाऊसही तोच असला, तरी रस्त्यालगतचे वावर आणि आतले वावर सारखे पिकत नाही. जालना जिल्ह्यात हे विशेष ठळकपणे दिसते, कारण तिथे मोठ्या सुविधांची वानवा नाही. जालना एमआयडीसीत लोखंडी सळयांचे कारखाने आहेत. बियाणे उद्योगाने शहराचे नाव देशभर पोचवले आहे. जालना आणि बदनापूर तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो, ड्रायपोर्टची पायाभरणी २०१५ साली झाली. अडचण आहे ती तिथून बांधापर्यंतच्या शेवटच्या कोसाची. समृद्धीवर ट्रॅक्टरला प्रवेशच नाही. छोट्या शेतकऱ्याचा महामार्ग म्हणजे त्याची पाणंद.

महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. भावाभावांत वाटण्या झाल्या, बांध वाढले, पण वाटा वाढल्या नाहीत. एका गटाचे चार तुकडे झाले की मागच्या तिघांना पुढच्याच्या शेतातून जावे लागते. पेरणी झाली की ती वाट बंद होते आणि भांडण तहसीलदारांपुढे जाते. १९०६चा मामलेदार न्यायालय अधिनियम आणि १९६६च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आजही याच कामी येतात.

वाट नसण्याची किंमत काढणीच्या वेळी कळते. मका आणि सोयाबीन काढणीला येतात तेव्हाच परतीचा पाऊस येतो. काळ्या मातीच्या पाणंदीत ट्रॅक्टरचे चाक आसापर्यंत रुतते, त्यामुळे मळणीयंत्र शेतात पोचत नाही. कापलेला माल गंजी लावून ताडपत्रीखाली पडून राहतो. खालून ओल चढते, सोयाबीन काळे पडते, मक्याला बुरशी धरते. पोती डोक्यावरून डांबरी सडकेपर्यंत आणायची तर मजुरी वेगळी. वाटेअभावीच भर पावसाळ्यात आतल्या वावरात युरियाचा दुसरा हप्ता कित्येकदा पडतच नाही. हे सारे नुकसान ‘पीक कमी आले’ या सदरात जाते. रस्त्याच्या खात्यावर ते कोणी मांडत नाही. पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना २०२१ साली रोजगार हमीच्या जोडीने सुरू झाली. पण खडी पडण्याआधी अतिक्रमण निघावे लागते, आणि घोडे बहुधा तिथेच अडते.

विजेचे गणित याहून सूक्ष्म आहे. एमआयडीसीतली भट्टी मध्येच थंड होऊ देता येत नाही, म्हणून तिला अखंड वीज लागते. शेतीच्या फीडरला मात्र वीज पाळीने मिळत आली आहे: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. हरभऱ्याला फुलोऱ्याआधी आणि घाटे भरताना एकेक बेताचे पाणी मिळाले, तर उतारा चांगलाच वाढतो. रात्री बारा वाजता मोटर सुरू झाली की अंधारात बारे नीट दिसत नाहीत. एका कोपऱ्यात पाणी तुंबते, दुसरा कोरडा राहतो. तुंबलेल्या जागी हरभरा उभळतो. त्यातच डीपी, म्हणजे रोहित्र, जळाली तर गावकरी वर्गणी काढतात, ट्रॅक्टर करून ती दुरुस्तीला नेतात आणि बदली डीपी येईपर्यंत विहिरीत पाणी असूनही पीक सुकते. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजबिल माफ आहे. बिल माफ झाल्याने रात्रीची पाळी काही टळत नाही. तिच्यावरचा उपाय सौर कृषी वाहिनी योजनेत आहे. २०१७ साली सुरू झालेल्या या योजनेत शेतीचे फीडर सौरऊर्जेवर आणून दिवसा वीज देण्याचा प्रयत्न आहे.

कालव्याच्या पाण्याचेही तसेच. जायकवाडी धरणाचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांना लाभलेला आहे. त्याच्या चारीच्या तोंडाशी ऊस उभा राहतो आणि टेलचा शेतकरी पाण्याची वाट पाहत राहतो. उलट जालना तालुक्यातल्या कडवंचीने कालव्याविना वाट काढली. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात १९९६ पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने तिथे बांधबंदिस्ती झाली, पुढे शेततळी आली. गाव सधन झाले, पण पाणी हाती येताच बाजरी-ज्वारीची जागा द्राक्षांनी घेतली. पायाभूत सुविधा आल्या की अन्नधान्याचे उत्पादन वाढतेच असे नाही. पुष्कळदा शेतकरी अन्नधान्य सोडून देतो, आणि त्याच्या हिशेबाने ते शहाणपणाचेच असते.

साठवणुकीचीही तीच शेवटच्या कोसाची कथा. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने मिळते. मात्र त्यासाठी माल वाळवून, चाळून बाजार समितीच्या गोदामापर्यंत न्यावा लागतो. सहा क्विंटल तुरीसाठी ‘छोटा हत्ती’ टेम्पोचे भाडे जवळपास पूर्ण गाडीइतकेच पडते. त्यामुळे दोन एकरवाला शेतकरी मोंढ्याला न जाता दारातल्या खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर, ओल आणि कडत्याच्या नावाने कापून मिळेल त्या भावात तूर घालतो. त्याच पैशांत त्याला हरभऱ्याच्या पेरणीची उधारी फेडायची असते.