गाडीखालचं चुंबकक्षेत्र
अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये नोव्हेंबर २०२३मध्ये फोर्टीन्थ स्ट्रीटवर चालत्या ई-गाडीला चार्ज करणारा रस्ता सुरू झाला. डांबराखाली तांब्याची वेटोळी आहेत. मग त्यावरून चालणाऱ्या माणसाचं काय?

रिसीव्हर बसवलेली गाडी वर आली, तरच त्या वेटोळ्यात वीज खेळते.

याच तत्त्वावर उभ्या गाडीचंही चार्जिंग होतं. पार्किंगमधल्या अशा वायरलेस चार्जिंगसाठी ‘एसएई जे२९५४’ हे मानक आहे. जमिनीवरच्या पॅडमधला सुमारे ८५ किलोहर्ट्झचा प्रवाह चुंबकक्षेत्र निर्माण करतो आणि गाडीच्या पोटाखालचं वेटोळं त्यातून वीज मिळवतं. पॅडपासून दूर जाताच हे क्षेत्र झपाट्यानं क्षीण होतं. अशा वारंवारितेच्या चुंबकक्षेत्राला सामान्य नागरिकांसाठी ‘आयसीएनआयआरपी’ या किरणोत्सर्ग-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं २०१०मध्ये सुचवलेली मर्यादा २७ मायक्रोटेस्ला आहे.

जपायचं ते गाडीखाली. पॅडवर पडलेलं नाणं तापतं, मांजर आत शिरतं. सेन्सरला चाहूल लागताच वीजपुरवठा तोडण्याची सोय त्यासाठीच असते. पेसमेकर असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावं.