जागच्या जागी वळणारी बोट

गांधीबागेच्या कापडबाजारात हातठेला वळताना तुम्ही पाहिला असेलच. दोन्ही बाजूंना दुकाने, मध्ये स्कूटर, ठेल्यावर कापडाच्या गाठी. पुढे जाऊन वळायला जागाच नसते. हमाल डावा दांडा पुढे रेटतो, उजवा मागे खेचतो. एक चाक पुढे, एक मागे, आणि ठेला उजवीकडे फिरतो. मी याच गल्ल्यांत वाढलो. पुढे मुंबईत गेटवे ते मांडवा मार्गावर कॅटामरानवर काम करू लागलो, तेव्हा हे गणित मला ओळखीचेच वाटले.

कॅटामरान हा शब्द मुळात तमिळ, 'कट्टुमरम', म्हणजे एकत्र बांधलेली लाकडे. आजची कॅटामरान म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी ठेवून वर एकच मजला चढवावा, तशी बोट. दोन्हींत एकेक इंजिन, एकेक पंखा. पंख्यांमध्ये अंतर बरेच, म्हणून वळवायला जोर चांगला मिळतो. डावे इंजिन पुढच्या गिअरमध्ये आणि उजवे रिव्हर्समध्ये टाकले, की बोट जवळपास जागेवरच उजवीकडे फिरते. उलटा फिरणारा पंखा पाणी कमी ढकलतो, म्हणून रिव्हर्सच्या इंजिनाला जोर थोडा जास्त द्यायचा. नाहीतर बोट वळता वळता पुढे सरकते.

धक्क्याजवळ सुकाणूचा फारसा उपयोग नाही. त्याच्यावरून पाणी वेगाने वाहिले, तरच ते काम करते. म्हणून सुकाणू मध्यावर ठेवायचे आणि दोन लिव्हरवर बोट सांभाळायची. क्षणभर गिअर, मग न्यूट्रल. बोट काय करते ते पाहायचे, मग पुन्हा क्षणभर गिअर.

खरी परीक्षा वाऱ्याची. ही बोट वर उंच, पाण्यात कमी बुडालेली. दुपारी वारा वाढला, की न्यूट्रलमधली बोटही थांबलेली नसते, आडवी सरकत असते. म्हणून शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून यायचे. कोन बिघडला तर ओढाताण न करता मागे जाऊन पुन्हा यायचे. प्रवासी कुरकुरतात, कुरकुरू द्यावे.

कारण धक्का आणि बोट यांच्यामधली फट सारखी मिटत-उघडत असते. घाईत तिथे पाय गेला, तर कित्येक टनांची बोट हाताने थोपवता येत नाही. तेव्हा एवढेच सांगतो, दोर बांधून होईपर्यंत बसून राहा आणि खलाशाने हात दिल्यावरच उतरा. दोन मिनिटांचाच प्रश्न असतो.