आधी टायर, मग चाक



काल या मंचावर संतसाहित्य झालं, उद्या रागसंगीत आहे, आणि मधल्या दिवशी टायर. संयोजकांच्या धाडसाला नमस्कार करतो आणि थेट गाडीपाशी येतो.

गाडी एकच घेऊ. सगळ्या स्पोर्ट्‌स कारबद्दल एकदम बोलायला गेलं की हाती काही लागत नाही. माझी गाडी आहे टोयोटा ८६. युरोपात तिला जीटी ८६ म्हणत, आणि सुबारूचा बिल्ला लागला की ती बीआरझेड. २०१२ साली ती बाजारात आली. दोन्ही कंपन्यांची गाडी सुबारूच्या गुन्मा इथल्या कारखान्यात तयार होई. पुढे दोन लिटरचं इंजिन, त्याचे चार सिलिंडर आडवे, ताकद सुमारे २०० अश्वशक्ती, ती जाते मागच्या चाकांना. वजन साधारण साडेबाराशे किलो. आपल्याकडे कंपनीने ती विकायला आणलीच नाही. पण समोर बसलेल्यांपैकी काहींची मुलं अमेरिकेत, जर्मनीत, ऑस्ट्रेलियात आहेत, आणि पहिला बरा पगार हातात आला की त्यांतला एखादा असली गाडी जुनी का होईना घेतो, हे मला ठाऊक आहे. गाडी घेतली की महिन्याभरात त्याला वाटू लागतं, चाकं बदलावीत. आजचं व्याख्यान त्या दुसऱ्या महिन्याबद्दल आहे.

ही गाडी आली तेव्हा मोटारींच्या नियतकालिकांत तिच्या टायरवरून बरीच थट्टा झाली. टायर होते मिशेलिनचे प्रायमसी एचपी, माप २१५/४५ आर १७. म्हणजे पेट्रोल वाचवणाऱ्या प्रियसच्या १७ इंची चाकांवर जे माप येई, तेच! स्पोर्ट्‌स कारला प्रियसचे टायर? लोकांना वाटलं कंपनीने पैसे वाचवले. पण टोयोटाचे मुख्य अभियंते तेत्सुया तादा यांनी हे जाणूनबुजून केलं होतं. अमाप पकड असलेली गाडी घसरते तेव्हा वेग इतका असतो की चालकाला काही सुधारायला वेळच उरत नाही. त्यांना हवी होती ती गाडी, जी माफक वेगात, ओळखता येईल अशा रीतीने, हळूच मागचा पाय टाकेल. पकड कमी ठेवणं हा या गाडीच्या रचनेचाच भाग होता. जपानमधल्या सर्वांत साध्या आवृत्तीला तर २०५/५५ आर १६ हे टायर आणि लोखंडी चाकं होती.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. टायरच्या बाजूवर छापलेलं माप हा कुणीतरी विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. तो बदलायला हरकत नाही, पण त्याने काय साधलं होतं हे कळल्याशिवाय बदलू नये. आणि बदलायचाच तर क्रम लक्षात ठेवा: आधी टायर ठरवा, मग त्याला शोभेल ते चाक घ्या. दुकानात नेमकं उलटं होतं. चाक डोळ्यांत भरतं, ते घेतलं जातं, आणि मग त्यावर काय चढेल याची शोधाशोध सुरू होते.

आता ते आकडे वाचू. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४५ हे मिलिमीटर नाहीत. ते रुंदीचे टक्के आहेत, आणि निम्मा घोळ इथेच होतो. २१५ चे ४५ टक्के म्हणजे जवळजवळ ९७ मिलिमीटर, ही झाली टायरच्या भिंतीची उंची. आर म्हणजे रेडियल, आणि १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एकाच मापात मिलिमीटर, टक्के आणि इंच गुण्यागोविंदाने नांदतात. असा संसार दुसऱ्या कुठल्या धंद्यात माझ्या पाहण्यात नाही. रिमचे १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची भिंत मिळवा: एकूण व्यास ६२५.

हा ६२५ चा आकडा जपायचा. स्पीडोमीटर, एबीएस, गिअरचं गणित, सगळं चाकाच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते यावर बसवलेलं असतं. व्यास वाढला की काटा पूर्वीपेक्षा कमी वेग दाखवायला लागतो. युरोपीय नियमात स्पीडोमीटरला वेग थोडा जास्त दाखवायची मुभा आहे, कमी दाखवायची अजिबात नाही. शिवाय व्यास जितका वाढेल तितकी रस्त्यावर पोचणारी ओढ घटते. इथे अश्वशक्ती दोनशेच आहे, ती अशी उधळून चालणार नाही.

माझ्या वहीत चार पर्याय आहेत. २२५/४५ आर १७: व्यास ६३४, म्हणजे दीड टक्क्याच्या आत वाढ. २२५/४० आर १८: व्यास ६३७, दोन टक्क्यांच्या काठावर. २१५/४० आर १८: ६२९, जेमतेम अर्धा-पाऊण टक्का. आणि २४५/४० आर १७: ६२८, जवळजवळ मूळचाच. शेवटच्यात एक गंमत बघा. ४५ चे ४० झाले म्हणून भिंत बुटकी होईल असं वाटतं, पण २४५ चे ४० टक्के ९८ मिलिमीटर होतात, मूळच्यापेक्षा एखादा मिलिमीटर जास्तच. कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय हे दिसत नाही.

मग २४५ च का नकोत? व्यास तोच, भिंत तीच, रुंदी तीन सेंटिमीटरने जास्त. रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर, असं सगळेच धरून चालतात. जरा हिशेब करू. साडेबाराशे किलो चार चाकांवर वाटले तर एकावर तीनशेच्या वर थोडे. हवा २.४ बार. वजनाला दाबाने भागलं की जमिनीला टेकलेला भाग निघतो सुमारे १३० चौरस सेंटिमीटर, माणसाच्या तळहाताएवढा. हवा तीच आणि वजन तेच असेल तर टायर रुंद केल्याने हा भाग ढोबळमानाने तेवढाच राहतो. बदलतो त्याचा आकार: गाडीच्या दिशेने आखूड, आडवा लांब. वळणावर याचा फायदा होतो, रबर कमी तापतं, आणि ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं गाडी पिळणाऱ्याला तो जाणवतोही. पण रोजच्या रस्त्यावर इतक्या हलक्या गाडीखाली रुंद टायर धड गरमच होत नाही. पावसात तो साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगायला लागतो. स्टिअरिंग जड होतं, आणि तादांनी मुद्दाम ठेवलेली ती हळूच घसरण्याची वेळ आता धोक्याच्या वेगावर जाऊन बसते.

पकडच हवी असेल तर रुंदीच्या आधी रबर बदला. त्याच २१५/४५ आर १७ मापात प्रायमसीऐवजी खरा उन्हाळी स्पोर्ट टायर घातला तर ब्रेक लागण्यातला फरक पहिल्याच वळणावर कळतो. स्वतः कंपनीचं पुढचं पाऊल बघा. दुसरी पिढी आली, इंजिन २.४ लिटरचं झालं, अमेरिकेत अश्वशक्ती २२८ वर गेली. टायर किती रुंद केले? वरच्या आवृत्तीला २१५/४० आर १८, मिशेलिन पायलट स्पोर्ट ४. रुंदी तीच, २१५! बदललं ते रबर आणि रिम. याहून स्पष्ट शेरा कंपनी कुठे लिहून देणार?

अमेरिकेतल्या टायरच्या बाजूवर ट्रेडवेअर म्हणून एक आकडा असतो, २०० किंवा ३००. आकडा लहान तितकं रबर मऊ आणि आयुष्य कमी, हा अंदाज. पण ही परीक्षा प्रत्येक कंपनी आपली आपण घेते, तेव्हा दोन कंपन्यांचे गुण शेजारी ठेवून निकाल लावू नका.

आता रिमकडे. प्रत्येक टायरला किती रुंद रिम चालेल हे ठरलेलं असतं. २१५/४५ ला ७ ते ८ इंच, २२५/४५ ला ७ ते साडेआठ, २४५/४० ला ८ ते साडेनऊ. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला तर तो फुग्यासारखा बाहेर येतो आणि वळणावर भिंत डुलते. उलट रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवायची एक फॅशन आहे. रिमची कड उघडी पडते, पहिल्या खड्ड्यात ती वाकते, आणि टायरची कड रिमवरून सुटायची भीती कायम. दिसायला छान दिसतं असं काही जण म्हणतात. मला तसंही दिसत नाही.

आणि मग येतो ऑफसेट. गोंधळ सर्वांत जास्त इथे होतो, म्हणून इथे थांबतो. चाक हबला, म्हणजे गाडीकडच्या फिरत्या गाभ्याला, ज्या पातळीवर टेकतं ती पातळी रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे, ते अंतर म्हणजे ऑफसेट. मूळ चाक ७ इंच रुंद, ऑफसेट ४८. समजा कुणी ९ इंची, ४२ ऑफसेटची चाकं आणली. बघणारा म्हणतो, ऑफसेट सहाच मिलिमीटरने बदलला, चाललं की! पण रिम दोन इंचांनी रुंद झाली, म्हणजे दोन्हीकडे २५.४ मिलिमीटर वाढ. आतल्या बाजूला त्यातून सहा वजा करा: रिमची कड सस्पेन्शनच्या स्ट्रटच्या १९ मिलिमीटर जवळ गेली. बाहेर सहा मिळवा: मडगार्डकडे ३१ मिलिमीटर सरकली. टायरचा फुगवटा वेगळाच. ८ इंची आणि ४५ ऑफसेटची घेतली असती तर आत १० आणि बाहेर १६ एवढ्यावर भागलं असतं. त्यावर २२५/४५ बसवले की रस्त्यावर चालवणाऱ्याला मी तरी यापुढे काही सुचवणार नाही.

हे मोजायचं कसं? एक पद्धत फार साधी आहे. मुलांच्या खेळण्यातली माती घ्या. स्ट्रटवर, टायरच्या सर्वांत जवळच्या जागी, तिचा गोळा चिकटवा. नवीन चाकांचा एक जोड कुणाकडून तासाभरासाठी मागून आणा, पुढच्या चाकांना लावा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, जॅक काढून गाडी दाबा, दोन माणसं पुढे बसवा आणि गल्लीतल्या गतिरोधकावरून एकदा हळू न्या. मग चाक काढून माती बघा. दाबली गेली असेल तर उरलेली जाडी मोजा. चार-पाच मिलिमीटरच्या आत असेल तर विचार सोडा, कारण वळणावर टायर स्वतः वाकतो. मागचं सस्पेन्शन दुहेरी विशबोन जातीचं असल्यामुळे आत जागा थोडी जास्त मिळते, म्हणून काही जण मागे रुंद आणि पुढे अरुंद घालतात. या गाडीत ते करू नका. कंपनीने चारही सारखे दिलेत. मागची पकड वाढली की वळणात गाडीचं नाक बाहेर जायला लागतं, आणि टायर पुढे-मागे फिरवून झीज सारखी करायची सोयही जाते.

बाकीचं भराभर. बोल्ट पाच, त्यांचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं. अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांचं ११४.३ असतं, ती चाकं इथे बसत नाहीत आणि बसवणारा हातोडा घेऊन आला तर गाडी घेऊन निघा. हबचं भोक ५६.१. बाजारातल्या चाकाचं मोठं असेल तर मधे रिंग घ्या, नाहीतर चाक बरोबर मध्यभागी बसत नाही आणि वेगात स्टिअरिंग थरथरतं. मग लोक बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतात. जपानी चाकावर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए अशा खुणा बघा, त्या ताकदीच्या चाचण्यांच्या असतात.

वजनाबद्दल मात्र बोललंच पाहिजे, कारण मोठ्या चाकात पहिला बळी त्याचाच जातो. १९ इंची चाक बहुधा जड असतं, आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचं, शिवाय फिरणारं. प्रत्येक खड्ड्याला सस्पेन्शन ते उचलतं, प्रत्येक सिग्नलला इंजिन ते फिरवतं. रेज कंपनीने १९९६ मध्ये टीई ३७ हे चाक आणलं. नावातले ३७ म्हणजे १५ इंची, ६ इंच रुंद चाकाचं वजन, ३.७ किलो! घडवलेलं अ‍ॅल्युमिनियम. जपानमध्ये लोक आजही त्याला जपून ठेवतात. ओतलेली चाकंही हलकी करता येतात. एन्केई कंपनी ओतल्यावर कड रोलरने दाबून पातळ आणि मजबूत करते. एन्केईचा एक कारखाना आपल्या शिक्रापूरला आहे. पुणे-नगर रस्त्यावरून जाताना ती पाटी दिसली तर आजचं हे व्याख्यान आठवा.

कायदा देशागणिक वेगळा. जर्मनीत बदललेल्या मापाला आणि चाकाला मंजुरीचा कागद लागतो, नसेल तर तपासणीत गाडी अडते. जपानमध्ये २०१७ पासून टायरचा फुगवटा मडगार्डच्या बाहेर दहा मिलिमीटरच्या आत असला तर चालतो. रिम बाहेर आलेली चालत नाही. दुसऱ्या देशातल्या मित्राचा फोटो बघून माप ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

एक चिठ्ठी आली आहे. "मुलगा अमेरिकेत आहे, ८६ घेतली आहे, १८ इंची साडेसात इंच रुंद चाकं घेतोय. दुकानदार २२५/४० म्हणतो. घ्यावेत का?" बसतील, साडेसात इंच त्या टायरला चालतात. पण मी २१५/४० घेईन. व्यास ६२९, मूळच्या जवळचा, आणि दुसऱ्या पिढीत कंपनीने स्वतः दिलेलं माप. फक्त मापाच्या शेवटचा आकडा बघायला सांगा. मूळ टायरवर ८७ आहे, म्हणजे एका टायरने ५४५ किलो पेलायचे. २१५/४० मध्ये ८५ मिळेल, तो ५१५ चा. ८९ लिहिलेला, एक्स्ट्रा लोड जातीचा मागावा. तो ५८० पेलतो, पण त्यात हवा थोडी जास्त ठेवावी लागते. आकड्यापुढचं अक्षर, म्हणजे टायरची वेगाची क्षमता, डब्ल्यू किंवा वाय, त्याखालचं नको. आणि चाकं बसवल्यावर शंभर किलोमीटर झाले की नट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे, पुन्हा आवळून घ्यायला त्याला आजच फोन करून सांगा.