खरकटें दळणारें यंत्र आणि पडणारा खटका

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या बहुतेक मराठी कुटुंबांच्या स्वयंपाकघरांत, पोलादी सिंकच्या खालीं, कपाटाच्या अंधारांत एक लहानसें यंत्र टांगलेलें असतें. जातें आणि पाटा-वरवंटा यांच्याशीं ज्यांच्या हातांची ओळख जुनी, त्यांना तें प्रथम विनोदी वाटतें. जात्यांत धान्य दळावें ही रीत. येथें दळावयाचें तें खरकटें! ताटांतील उष्टें, भाज्यांचीं सालें, भाताचीं शितें सिंकच्या भोंकांत लोटावीं, नळ सोडावा, भिंतीवरील खटका दाबावा. क्षणभर घरघर होते आणि सारें कांहीं पाण्याबरोबर गटारांत निघून जातें. विस्कॉन्सिन संस्थानांतील रसीन गांवच्या जॉन हॅम्स या वास्तुशिल्पज्ञानें १९२७ सालीं असें यंत्र तयार केलें, व १९३५ मध्यें त्याला पेटंट मिळालें. भारतांतील मोठ्या शहरांच्या कांहीं नव्या सदनिकांतहि तें आतां दिसूं लागलें आहे.

त्याच्या आंत सुऱ्या असतात, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. वस्तुतः आंत एक फिरती धातूची तबकडी असते, तिच्यावर दोन बोथट तुकडे सैल बसविलेले असतात. तबकडी मिनिटाला सामान्यतः १७०० हून अधिक फेरे घेते. त्या वेगानें अन्न बाजूला फेकलें जाऊन भोंवतालच्या खांचेदार कड्यावर घांसलें जातें. तबकडीला फिरविणारी मोटर तिच्या बरोबर खालीं असते. म्हणजे पाणी वर आणि वीज खालीं. दोहोंच्या मध्यें दांड्याभोंवतीं बसविलेलें एक लहानसें सील, एवढाच काय तो पडदा. यंत्राचें पुढचें सारें बरेंवाईट या पडद्यावर अवलंबून असतें.

न्यू जर्सींतील असें एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. गणेशचतुर्थीची दुपार आहे. पुण्याहून सहा महिन्यांकरितां आलेल्या सासूबाईंनीं मोदकांची उकड काढली आहे आणि आतां परात धुण्यास घेतली आहे. परातीला चिकटलेली उकड, अळूच्या देठांचे दोरे, नारळाच्या शेंडीचे चार तंतु, सारें सिंकमध्यें गेलें. सूनबाईंनीं खटका दाबला. यंत्र गुरगुरलें आणि थांबलें. त्याच क्षणीं ओट्यावरील मिक्सरहि थांबला.

“आई, तूं बैस जरा, मी पाहतों,” असें म्हणून चिरंजीव पुढें सरसावले. भिंतींतील प्लगच्या मधोमध एक बारीक बटण बाहेर आलें होतें. तें त्यांनीं दाबलें. यंत्र अर्धा मिनिट चाललें, पुन्हां थांबलें. तिसऱ्या वेळीं तेंच. चौथ्या वेळीं तर बटण आंत राहीचना. अशा वेळीं घरोघर जो निष्कर्ष निघतो तोच येथेंहि निघाला: बटणच बिघडलें! पाहुणे चार वाजतां यावयाचे. चिरंजीवांनीं दिवाणखान्यांतून एक जुनी लांब वायर ओढून आणली. तिला दोनच भोंकें आणि यंत्राच्या प्लगला तीन पाय. तेव्हां मध्यें एक जोड बसविला. आणि काय आश्चर्य, यंत्र सुरळीत चालूं लागलें. सर्वांना हायसें वाटलें.

या हायसें वाटण्यांतच खरा धोका होता. तो कळण्यासाठीं घरांतील विजेवर कोण कोण पहारा करतें, हें पाहावयास हवें.

एक पहारेकरी यंत्राच्या बुडाशींच असतो. बहुधा तांबडें असें हें लहान बटण. तबकडींत चमचा, बाटलीचें झांकण किंवा एखादी सुपारी अडकली कीं मोटर फिरत नाहीं, नुसती गुणगुणते. तिची तार तापूं लागते आणि हें बटण बाहेर पडतें. घरची वीज जात नाहीं, केवळ यंत्र थांबतें. दुसरा पहारेकरी मुख्य पेटींतील खटका. तो १५ किंवा २० अँपिअरचा असतो, आणि तारांवर प्रमाणाबाहेर भार पडला किंवा दोन तारा एकमेकींस भिडल्या तरच पडतो.

तिसऱ्याची गोष्ट निराळी आहे. पाण्याजवळच्या प्लगांत अमेरिकेंत जो जी. एफ. सी. आय. बसवितात आणि भारतांत मुख्य पेटीजवळ जो आर. सी. सी. बी. असतो, तो किती वीज वापरली हें पाहातच नाहीं. एका तारेनें जितकी गेली तितकी दुसरीनें परत आली काय, एवढाच त्याचा हिशेब. सावकाराच्या दिवाणजीसारखा तो येणें-जाणें ताडून पाहतो. तफावत आली, म्हणजे वीज तिसऱ्याच वाटेनें, ओल्या धातूंतून किंवा एखाद्या माणसाच्या अंगांतून, जमिनींत चालली आहे असें समजून तो वही मिटतो.

ही तफावत किती असावी, हें अंदाजानें ठरलेलें नाहीं. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतले प्राध्यापक चार्लस डॅल्झील यांनीं स्वयंसेवकांवर प्रयोग करून, वीज वाहणारी तार हातांत धरली असतां माणसाला ती स्वतःहून कोठपर्यंत सोडतां येते, हें मोजलें. सरासरीनें पुरुषांची मर्यादा सुमारें १६ आणि स्त्रियांची सुमारें १०.५ मिलिअँपिअर निघाली. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. त्यापलीकडे स्नायु आवळले जातात आणि सोडण्याची इच्छा असूनहि मूठ उघडत नाहीं. १९६१ च्या सुमारास डॅल्झील यांनीं हा हिशेबी खटका सिद्ध केला. अमेरिकेंतला घरगुती जी. एफ. सी. आय. चार ते सहा मिलिअँपिअरच्या तफावतीला पडतो. भारतांतील घरांत सामान्यतः ३० मिलिअँपिअरचा बसवितात. मुख्य पेटींतल्या १५ अँपिअरवाल्या पहारेकऱ्याच्या लेखीं मात्र हे दहा-वीस मिलिअँपिअर म्हणजे कांहींच नव्हे. माणूस दगावण्याइतकी वीज वाहूं लागली तरी त्याची झोंप मोडत नाहीं.

दिवाणखान्यांतून आणलेल्या वायरीचें रहस्य आतां उघड होईल. त्या जुन्या घरांत दिवाणखान्याच्या प्लगाला दिवाणजीच नव्हता! यंत्रांतली गळती पूर्वीइतकीच होती; ती मोजणारा तेवढा बाजूला झाला. त्यांतच दोन भोंकांच्या जोडानें प्लगचा तिसरा पाय, जमिनीशीं नातें ठेवणारा, निकामी झाला. गळणाऱ्या विजेला निघून जाण्यास जी हक्काची वाट होती ती बंद पडली, आणि ती यंत्राच्या अंगावर, तेथून पोलादी सिंकवर येऊन उभी राहिली.

सासूबाईंनीं वाटी विसळण्यासाठीं एक हात सिंकच्या कांठावर टेकला आणि दुसऱ्या हातानें शेजारच्या शेगडीचें धातूचें कडें धरलें. “अगं, इथें हात लावला कीं मुंग्या येतात गं,” त्या सहज बोलल्या. सूनबाईंनीं मागें वळून पाहिलें. “आई, हात काढा! कशालाहि शिवूं नका,” असें म्हणत त्यांनीं सिंककडे न जातां दिवाणखाना गांठला आणि तिकडूनच वायर उपसली. घाईंत कित्येक जण अशा वेळीं सिंकखालच्या कपाटांत हात घालतात. तो मोह त्यांना झाला नाहीं, हें विशेष.

यानंतर जें केलें तें आधींच करावयास हवें होतें. मुख्य पेटींतून स्वयंपाकघराची वीज बंद केली, यंत्राचा प्लग मोकळा असल्याची खात्री केली आणि मग पेटीचा खटका पुन्हां वर केला. प्लगमधील बटण दाबतांच तें आंत राहिलें. तेथें टेबलावरचा दिवा लावून पाहिला. तोहि जळत राहिला. म्हणजे भिंतीची तार नीट होती, बटणहि नीट होतें. (दिव्यानेंहि बटण पडलें असतें, तर दोष भिंतींतला किंवा बटणाचा मानून वायरमनला बोलवावें लागलें असतें.) मग यंत्राचा प्लग परत लावला, भिंतीवरील खटका बंदच ठेवून. तरीहि बटण पडलें. चिरंजीव चकित झाले. परंतु यांत नवल नाहीं: भिंतीवरील खटका दोन तारांपैकीं एकच तोडतो, दुसरी यंत्राला जोडलेलीच असते, आणि ती ओल्या जागीं यंत्राच्या अंगाला टेकली असेल तर दिवाणजीला तेंहि कळतें. खटका बंद आहे एवढ्या विश्वासावर यंत्राच्या तोंडांत बोटें घालणें किती अनाठायीं आहे, तें यावरून दिसतें. आधीं प्लग उपसावा. नंतरहि बोटें नकोत, चिमटा आणि विजेरी घ्यावी.

प्लग पुन्हां काढून विजेरीच्या प्रकाशांत यंत्र पाहतांना थेंब कोठून पडतो हें महत्त्वाचें. वरच्या गळ्याशीं ओल असेल तर सिंकच्या कड्याचा लेप सुटलेला असतो. बगलेच्या नळीवर असेल तर तेथील पट्टा आंवळून किंवा रबर बदलून भागतें. कधीं कधीं भांडीं धुणाऱ्या यंत्राच्या नळीचें पाणी ओघळून वायरीवर पडतें आणि दोष मात्र बिचाऱ्या मोटरवर येतो. परंतु थेंब अगदीं बुडांतून, मोटरखालून येत असेल व तेथें गंजाचा तांबूस डाग असेल, तर मधला पडदा फाटला असें समजावें. तें यंत्र दुरुस्त करण्याचा खर्च बहुधा नव्या यंत्राच्या जवळ जातो. दोन दिवस उन्हांत ठेवून तें चालविण्याचा प्रयोग कांहीं काटकसरी गृहस्थ करतात. वाळल्यावर तें चालतें हें खरें. पण पुन्हां पाणी सोडलें कीं तेंच!

नुसता अडथळा असेल तर एवढी यातायात नाहीं. प्लग काढून बुडाच्या षट्कोनी भोंकांत त्या मापाची किल्ली घालून मागेंपुढें फिरवावी, अडकलेला जिन्नस चिमट्यानें काढावा, दहा-पंधरा मिनिटें थांबून तांबडें बटण दाबावें. नारळाची शेंडी, मक्याचीं सालें, शेवग्याच्या शेंगांचे चोथे आणि आमटीवरचें तूप या यंत्राला मानवत नाहीं. भात आणि उकड थोडी गेली तर चालतें, परातभर नव्हे. भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांनीं तर किल्लीच्या पुढें जाऊंच नये, घरमालकाला कळवावें.

परत येतांना असें यंत्र पुण्याला आणावें असा विचारहि पुष्कळांच्या मनांत येतो. अमेरिकेंतली घरगुती वीज १२० व्होल्टची आणि सेकंदाला ६० आवर्तनांची. भारतांतली २३० व्होल्टची आणि ५० आवर्तनांची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवितो, आवर्तनें बदलत नाहीं. तिकडची साधी मोटर इकडे मंद फिरते आणि तापते.

त्या संध्याकाळीं आरती झाली, पाहुणे जेवले आणि खरकटें एका डब्यांत सांठविलें गेलें. दुसऱ्या दिवशीं वायरमननें यंत्र उतरविलें आणि पाहण्यासाठीं अंगणांत नेऊन कलतें केलें, तों मोटरच्या कोठ्यांतून गंजानें तांबडें झालेलें पेलाभर पाणी गवतावर सांडलें.