मे महिन्यातलं ओव्हरक्लॉकिंग: कूलर हवेचा घ्यायचा की पाण्याचा?

आजचा अख्खा भाग एकाच प्रश्नावर आहे. अकोल्याहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, शिकवण्या घेऊन पैसे जमवले आणि त्यातून पीसी बांधलाय. प्रोसेसर इंटेलचा आय-फाइव्ह १४६००के. आता तो ओव्हरक्लॉक करायचाय आणि कूलरसाठी १२ हजार बाजूला ठेवलेत. तो विचारतो, "दादा, ३६०चा लिक्विड कूलर घेऊ, की हवेचा चालेल? फक्त मे महिन्यात पीसी बंद नको पडायला."

ते शेवटचं वाक्य धरून ठेवा. कारण आपण यूट्यूबवर जे कूलरचे रिव्ह्यू बघतो ना, ते बहुतेक २१ ते २५ डिग्रीच्या एसी खोलीत केलेले असतात. अकोल्यात मे महिन्यात बाहेर ४५ असतं. दुपारी तीनला खोलीत ४० सहज.

विदर्भात कूलर म्हटलं की खिडकीत बसवलेला, वाळ्याच्या ताट्या लावलेला पत्र्याचा डबा डोळ्यांपुढे येतो. तो पाण्याची वाफ करतो, म्हणून बाहेरच्या हवेपेक्षा थंड हवा देतो. पीसीचा कूलर असं काही करत नाही. लिक्विड असला तरी नाही. त्यातलं पाणी बंद नळीत फिरतं, चिपची उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं आणि तिथून पंखे ती खोलीत फेकतात. त्यामुळे खोलीत ४० डिग्री असेल, तर जगातला सगळ्यात महाग लिक्विड कूलरही चिपला ४० च्या खाली नेऊ शकत नाही.

म्हणून कूलर बघताना चिपचं टेंपरेचर बघू नका, फरक बघा. चिपचं तापमान वजा खोलीचं तापमान. समजा, एखाद्या रिव्ह्यूत २०० वॅटला चिप ७९ डिग्रीवर राहिली आणि खोली २४ ची होती. फरक ५५. हाच कूलर, हीच चिप, हेच २०० वॅट अकोल्यातल्या ४० च्या खोलीत आणा. ४० अधिक ५५, म्हणजे ९५. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा १०० आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे ओव्हरक्लॉक करून जे मिळवलं, ते तो दुपारी तीनला परत काढून घेतो.

आता या २०० वॅटकडे वळू, कारण हा आकडा तुमच्या हातात असतो. चिपची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हो, शाळेतला वर्ग, स्क्वेअर. १४६००के कंपनीकडूनच ५.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. समजा, तुम्ही तो ५.६ ला नेला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.३५ करावं लागलं. वेग वाढला सहा टक्क्यांहून कमी. उष्णता वाढली साधारण २३ टक्के. कंपनीचा कमाल आकडा १८१ वॅट आहे, तो जवळपास २२३ होईल. पाच-सहा फ्रेम जास्त मिळतील, कदाचित. त्याही ग्राफिक्स कार्ड आधीच दमलेलं नसेल तर.

तेव्हा आधी व्होल्टेज ठरवा, मग कूलर. बरेच जण उलटं करतात: मोठा कूलर घेतात आणि मग त्याला काम द्यायचं म्हणून व्होल्टेज वाढवतात.

व्होल्टेजचा विषय निघालाच आहे तर एक अर्जंट गोष्ट. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे चिप कायमची बिघडण्याचा प्रश्न समोर आला. कंपनीने बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १४६००के त्या यादीत बसतो. तेव्हा काहीही करण्याआधी मदरबोर्डचा बायोस अपडेट करा. आजच. हा भाग पॉज करून केलात तरी चालेल. आणि ओव्हरक्लॉकिंगमुळे वॉरंटीला बाधा येऊ शकते, हेही डोक्यात ठेवा.

बरं, आता हवा की पाणी.

हवेचा टॉवर कूलर दिसतो साधा, पण आत गंमत आहे. त्याच्या तांब्याच्या नळ्यांमध्ये थोडंसं पाणी असतं. चिपजवळ त्याची वाफ होते, वर थंड पट्ट्यांपाशी जाऊन पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या अस्तरातून खाली झिरपतं. पंप नाही, मोटर नाही. बिघडू शकतो तो फक्त पंखा, आणि पंखा हजारभर रुपयांत बदलता येतो. लिक्विडचा पंप गेला की बहुतेक वेळा अख्खा संच बदलावा लागतो. शिवाय बंद नळ्यांमधूनही वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडून जातंच.

मग लिक्विड कशाला घ्यायचा? दोन खरी कारणं आहेत. पहिलं म्हणजे प्रचंड वॅट. आय-नाइन १४९००के कंपनीच्याच आकड्यांनुसार २५३ वॅटपर्यंत जातो. त्यावर तासन् तास व्हिडिओ रेंडर करणार असाल तर ३६० घ्या. दुसरं कारण जागेचं. टॉवर कूलर कॅबिनेटच्या आतली हवा ओढतो, आणि तिथे ग्राफिक्स कार्डाने आधीच भट्टी लावलेली असते. खोलीत ४० असेल तर आत ४६-४७ होऊ शकतं. रेडिएटर पुढच्या बाजूला लावला तर त्याला थेट खोलीची हवा मिळते. अर्थात मग तीच तापलेली हवा ग्राफिक्स कार्डावर जाते. कुणाला तरी भोगावं लागणारच. रेडिएटर कुठेही लावा, पण पंप सगळ्यात उंच ठेवू नका. आतली हवा वर गोळा होते आणि पंप कोरडा फिरतो.

आणि एक गैरसमज काढून टाका. लिक्विड लावला म्हणून खोली थंड राहत नाही. भिंतीच्या सॉकेटमधून ५०० वॅट घेतले तर ५०० वॅट खोलीतच येतात, कूलर कुठलाही असो. दहा बाय दहाच्या खोलीत दार लावून चार तास गेम खेळलात तर तुम्ही एक छोटा हीटर लावून बसलाय.

काही चिपवर तर मोठ्या कूलरचा फारसा उपयोगच होत नाही, कारण उष्णता चिपमधून बाहेर यायलाच अडते. एएमडीच्या रायझेन ७८००एक्स३डीमध्ये जास्तीची कॅश मेमरी कोअर्सच्या वर बसवली होती, गोधडी पांघरल्यासारखी. २०२४ च्या ९८००एक्स३डीमध्ये ती कोअर्सच्या खाली नेली, आणि मग कंपनीने पूर्ण ओव्हरक्लॉकिंगही मोकळं केलं.

आवाजाचं म्हणाल तर, युरोपातले रिव्ह्यूवाले डेसिबल मोजत बसतात. आपल्याकडे डोक्यावर पंखा आणि खिडकीत तो डबा घरघरत असतो. त्यात पीसीचा आवाज कुणाला ऐकू येतोय?

त्या डब्याचीही काळजी घ्या बरं का. त्याची दमट हवा पीसीला लगेच मारत नाही, कारण आतले सगळे भाग खोलीपेक्षा गरम असतात, त्यांच्यावर दव धरत नाही. पण थेट झोतासमोर कॅबिनेट ठेवलंत तर पाण्याचे तुषार आणि क्षारांची पांढरी पूड आत जाते. बाजूला ठेवा. आणि बर्फ वगैरेचे जुगाड करू नका, तिथे मात्र खरंच दव धरतं.

तर अकोल्याच्या मित्रा, तुला माझं उत्तर असं. तू गेम खेळतोस, रेंडर करत नाहीस. गेममध्ये तुझा प्रोसेसर साधारण १०० वॅटच्या आसपास राहील. दोन पंख्यांचा, सहा हीटपाइपचा टॉवर तीन-चार हजारांत येतो, तो घे. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई चालेल. उंची १५५ मिलिमीटर आहे, आधी कॅबिनेटमध्ये बसतो का ते मोज. फोटोत तुझ्या कॅबिनेटला पुढे काच दिसतेय. उरलेल्या पैशातून पुढे जाळी असलेलं कॅबिनेट आणि दोन पंखे घे. काचेतून हवा येत नाही, फक्त लाइट दिसतात. तरी उरतील त्या पैशांना हात लावू नकोस.

आणि बायोसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह कर. एक हिवाळ्याचं, त्यात हवा तेवढा ओव्हरक्लॉक. डिसेंबरच्या रात्री तुझी खोली १८-२० वर येते, तेव्हा तुला फुकटात वीस डिग्रीची सूट मिळते. दुसरं उन्हाळ्याचं, त्यात वेग कंपनीचाच, पॉवर लिमिट १५० वॅटच्या आसपास आणि व्होल्टेज जमेल तितकं खाली. होळी झाली की दुसऱ्यावर ये.

बसवून झालं की दुपारी तीनला टेस्ट घे. एचडब्ल्यूइन्फो लाव, सिनेबेंच अर्धा तास सलग चालव. लिक्विडवाल्यांनो, तुम्ही तर अर्ध्या तासाच्या आत आकडा बघूच नका, पाणी तापायला वेळ घेतं. खोलीत साधा थर्मामीटर ठेवा. आत्ताचा फरक काढा, त्यात मे महिन्यातले ४० मिळवा. बेरीज ९० च्या आत असेल तर निवांत खेळा. वर गेली तर व्होल्टेज आणखी एक पायरी खाली आणा आणि पुन्हा मोजा.

हां, जाता जाता. पुण्याच्या होस्टेलवर पीसी ट्रॅव्हल्सने नेणाऱ्यांसाठी: मोठे टॉवर कूलर किलोभर वजनाचे असतात. निघताना काढून वेगळे बांधा, आणि पोचल्यावर थर्मल पेस्ट नवी लावा, वाटाण्याएवढी. तुमचे आकडे पाठवा, खोलीच्या तापमानासकट. भेटू पुढच्या भागात.